अंगठा
१९६८ साली कॅन्ससमधल्या आमच्या तळघरात माझा नवरा लॉइड सुती हातमोजे घालून छोटी विमानं जोडायचा. धाकटा दीर मर्ल युद्धावर निघाला होता. सासूबाईंनी तळलेली कोंबडी खाताना त्याने एका विमानाचा अजून न रंगवलेला पंख उचलला. “ठेव, माकडा! तेलकट बोटं लागली की वर दिलेला रंग सुटतो,” लॉइड खेकसला. “सरकार मला खरं विमान देतं, तू खेळण्यातलं देईनास?” म्हणत मर्लने मुद्दाम अंगठा उमटवला. तो गेल्यावर लॉइडने पंख साबणाने धुऊन रंगवला. ऑक्टोबरात तार आली: विमान समुद्रात कोसळलं, काहीही सापडलं नाही. सासूबाई तळघरात उतरल्या. “मर्लचा अंगठा उमटलेला पंख कुठंय?” लॉइडने चकचकीत पंख पुढे केला. सासूबाई त्या हिवाळ्यात गेल्या. लॉइडने पुन्हा हातमोजे घातले नाहीत. मरेपर्यंत त्याच्या विमानांचे रंग सुटत राहिले. तो पंख अजूनही चकचकीत आहे.