करवंट्यांचं गिऱ्हाईक

१९३८ साली आंजर्ल्याला मुंबईचा एक दलाल नारळाच्या करवंट्या विकत घ्यायला आला, आणि चिमाच्या मनात पाल चुकचुकली. चुलीत घालायच्या वस्तूला मोल कोण देतं? वर हा माणूस सरकारी छापाच्या नव्या वजनांनी तोलत होता. चिमानं घरातलं जुनं शेराचं वजन आणून त्याच्या शेरासमोर पारड्यात टाकलं. दोन्ही जुळेनात.

"लबाडी हाय ही!"

"बाई, गावोगावचे शेर वेगळे होते. आता कायद्यानं सगळीकडे एकच केलाय," दलाल म्हणाला.

ओटीवर तिचा नवरा धाकू पडून होता. जर्मनच्या लढाईत फ्रान्सला विषारी धूर छातीत गेला, तेव्हापासून त्याला धड दोन वाक्यांचा दम पुरत नसे. त्यानं विचारलं, "करता काय... यांचं?"

"कोळसा. धुरापासून वाचायला शिपाई तोंडावर मुखवटा बांधतात, त्यात तो भरतात."

"लढाई... कुठं लागलीय?"

"छे! सगळीकडे शांत आहे."

धाकू भिंतीला धरून उठून बसला.

"चिमे, पोराला मुंबईस... आजच कागद धाड. पलटणीत नाव... घालू नको म्हणावं."