लाल ठिपके

पडवीत जुळवलेली गाडी दसऱ्याला रस्त्यावर धावली नाही, तर भंगारात घालीन, असं गुणाजींनी लेकाला, रूपेशला, बजावलं होतं. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट पूर्वी होता तसाच बसायला हवा, नाहीतर गाडी थरथरते. म्हणून खोलतानाच रूपेशने शाफ्टवर आणि गिअरबॉक्सवर लाल रंगाचा एकेक ठिपका दिला होता. आज दसऱ्याच्या सकाळी ठिपक्यासमोर ठिपका आणून त्याने बोल्ट आवळले आणि गाडी बाहेर काढली.

चढावर गाडी अशी हादरली, की स्टिअरिंग हातात ठरेना. पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. ठिपके अगदी समोरासमोर, तरी तेच! अंगणाच्या फाटकाशी, बेड्यापाशी, भंगारवाल्याचा टेम्पो येऊन थांबला, तसा गाडीखाली आडवा झालेला रूपेश पाना टाकून बाहेर सरकला.

"आये, चुकतंय कुठे तेच कळत नाय गो!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.


"पूजेत तर काय उणं राहिलं नाय रे," आई काळजीने म्हणाली. "काल खंडेनवमीला शाफ्ट, गिअरबॉक्स, सगळं डिझेलने घासून लख्ख केलं, आणि एकेकाला कुंकवाचं बोटसुद्धा लावलं."