झुंबरतात्यांची चाल

शेवटचा सूर विरला आणि बारामतीचं ते सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. माधवीनं थोरल्या व्हायोलिनसारखा आपला चेलो हळूच आडवा ठेवला आणि पहिल्या रांगेकडं पाहिलं. झुंबरतात्या तेवढे बसून होते.

आज वाजवलेल्या तिच्या नव्या अल्बमचं नावच 'झुंबरतात्या' होतं. लासुर्ण्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून त्यांनी उभ्या इंदापूर तालुक्यातली लग्नं गाजवली होती. त्यांची एकच कॅसेट निघाली, ती वडगाव निंबाळकरला माधवीच्या घरी आली. आई धारा काढताना गोठ्यात टेप लावायची. नवे सेल क्वचितच यायचे. निम्मा जीव गेलेले जुनेच उन्हात तापवून पुन्हा घालायचे. म्हशींना तेही गोड लागायचं. माधवी तर खुळीच झाली होती.

तो खोल, जड आवाज. एकेक सूर रेंगाळत, घसरत यायचा. पुढं पुण्यात तिनं क्लॅरिनेट हातात घेतलं, पण त्यातून तो आवाज काही निघेना. तो तिला चेलोत सापडला, आणि त्या रेंगाळण्यानंच तिला जॅझकडं नेलं. कॅसेटची फीत केव्हाच गुंतून तुटली, पण चाली तिला पाठ होत्या.

त्याच चाली वाजवून परदेशात नाव झालं तेव्हा एका समीक्षकानं लिहिलं, 'हिचं स्वतःचं यात काय आहे?' तिला ते लागलं, पण खोटं वाटलं नाही. ज्याचं त्याला पोचतं करावं, म्हणून तिनं हा अल्बम केला. तात्यांनी त्यातलं काहीच आधी ऐकलं नव्हतं. "समोर बसूनच ऐकीन," म्हणाले होते.

माधवी खाली उतरून त्यांच्या पाया पडली.

"तात्या, काय चुकलं का?"

"चुकलं न्हाय. ह्यातल्या तुझ्या चाली कंच्या?"

"एकबी न्हाय. समद्या तुमच्याच."

तात्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. मग म्हणाले, "मला जरा वर ने."

तिनं हात दिला. मंचावर त्यांनी पिशवीतून क्लॅरिनेट काढलं, पत्ती ओठांनी ओली केली.

"तू शेवटाला वाजवलीस ना, तीच वाजवतो."

क्लॅरिनेट उंच, पातळ आवाजात किलबिललं. धावती, खट्याळ चाल. मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली, फेटेवाले म्हातारे खुर्चीत डोलू लागले. माधवीला चालच ओळखू येईना. मग तिची बोटं आपसूक हलायला लागली. सूर तेच होते. त्याच क्रमानं, एकामागून एक, पळत सुटलेले.

दम लागला तसे तात्या थांबले. तिनं माईक त्यांच्यापुढं धरला. उतरलेल्या सेलवर गोठ्यातला टेप किती हळू फिरायचा, ते तिला आत्ता आठवलं.

"मी वाजवली ती ही," ते म्हणाले. "वरात पळवायची चाल. तू वाजवलीस ती तुझी, पोरी. मी ती आज पैल्यांदाच ऐकली."