फ्रानेच्या कबरीवरची फुलं

फुलदाणीत पुन्हा नुसते देठ उभे होते.

नेवेन्काने त्यातला एक उपसून चष्म्याजवळ धरला. कात्रीने छाटावा तसा तो वरून तुटलेला होता. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तिने नवऱ्याच्या, फ्रानेच्या, कबरीवर लाल गुलाब ठेवले होते. आज त्यातला एकही शिल्लक नव्हता. शेजारच्या कबरीवर चर्चमधल्या द्रागित्साने लावलेले जिरेनियम मात्र मजेत फुलले होते.

दफनभूमीच्या ऑफिसातली बाई दर वेळी सांगायची, हे काम कांगारूंचं आहे. कांगारू नेवेन्काने काय पाहिले नव्हते? पर्थच्या या भागातलं रान तोडून वसाहती उठल्या, तेव्हापासून ती जनावरं इथेच मुक्कामाला होती. दुपारी चॅपलमागच्या झाडांखाली म्हशींसारखी पसरलेली असायची. पण कांगारू गवत खातात आणि चोऱ्या माणसं करतात, असं तिचं मत होतं. त्यातून द्रागित्सा पर्समध्ये कात्री बाळगायची. चर्चच्या हॉलमधला उरलेला केक गुपचूप घरी नेणारी बाई. तिचा काय भरवसा?

तिने नवे गुलाब आणून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या वेळी गाडी लांब वळणावर लावून आत बसून राहिली. द्रागित्सा आली. जिरेनियमना पाणी घातलं, फ्रानेच्या दगडावर पडलेली वाळकी पानं हाताने झाडली, आणि निघून गेली. गुलाबांकडे तिने पाहिलंही नाही. नेवेन्काला जरा ओशाळल्यासारखं झालं.

मग झाडांतून एक कांगारू मादी उड्या मारत आली. पोटाच्या पिशवीतून पिल्लाचं डोकं बाहेर डोकावत होतं. तिने पुढच्या दोन्ही पंजांनी फुलदाणी धरली आणि एकेक गुलाब सावकाश खाल्ला. मग ती दगडाच्या मागच्या बाजूला गेली आणि तिथेही काहीतरी चघळू लागली. तिच्या तोंडातून पांढरं फूल लोंबत होतं.

नेवेन्काने पांढरी फुलं कधीच आणली नव्हती.

ती धावत गेली तोवर मादी पसार झाली होती. दगडामागे कार्नेशनचे देठ पडले होते. काही ताजे, काही पार वाळलेले. म्हणजे इथे कुणीतरी नेहमी येत होतं. लपून येत होतं, पाठीमागे ठेवून जात होतं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. बेकरीवाली विधवा, चर्चच्या गायकवृंदातली ती हसरी बाई, एकेकीचा चेहरा ती डोळ्यांपुढे आणून तपासत राहिली. फ्राने उशिरा घरी यायचा त्या सगळ्या संध्याकाळी तिने पुन्हा उकरून काढल्या.

त्यानंतर ती रोज येऊन बसू लागली. बुधवारी एक माणूस पांढरी कार्नेशन घेऊन आला. पाठमोरा होता, डोक्यावरचे केस विरळ झालेले. तो वाकला तेव्हा त्याने डावा हात कमरेवर ठेवला, अगदी फ्राने ठेवायचा तसा.

तो तिहो होता. तिचा मुलगा. बापाने त्याला घराबाहेर काढलं तेव्हा ती तोंड मिटून उभी राहिली होती. बापाच्या अंत्यविधीलाही तो आला नव्हता.

ती जवळ गेली. तो दचकला, मग सरळ उभा राहिला.

"पाळत ठेवतेस होय?" तो म्हणाला. "ही फुलं हातातच घे ना. एवीतेवी फेकूनच देतेस."

"मी?"

"दर आठवड्याला आणतो. दर आठवड्याला नुसते देठ. मला कळावं म्हणूनच ठेवतेस ना देठ?"

"मी नाही रे. कांगारू खातात."

"कांगारू," तो म्हणाला. तोंडावरची एक रेष हलली नाही.

"माझेही खाल्ले त्यांनी. मी डोळ्यांनी पाहिलंय."

खोटं बोलणाऱ्याला आणखी थोडं बोलू द्यावं, तसा तो तिच्याकडे पाहत राहिला.

"बस जरा," ती म्हणाली. "उन्हं उतरली की येतात. तूच बघ."

दोघं बाकावर बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तिने थर्मासातली कॉफी त्याला दिली. तिचे गुडघे दुखतात हे तिने सांगितलं. त्याची मुलगी पोहायला शिकतेय हे त्याने सांगितलं. आपल्याला नात आहे हे नेवेन्काला तेव्हा कळलं. तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं, मग पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं.

पलीकडे कांगारू लोळत होते. एकाने कान खाजवला. एक उठला, दोन पावलं चालला आणि पुन्हा आडवा झाला. नेवेन्का मनातल्या मनात त्यांना हाका मारत होती. फुलांकडे एकही फिरकला नाही. फाटक बंद करणाऱ्याची गाडी हळूहळू सगळीकडून फिरून गेली.

"आले नाहीत," तिहो म्हणाला. आवाजात तोच संशय होता.

"उद्या येतील."

तो उठला. खिशातून किल्ली काढली. थोडं चालून गेला आणि थांबला, मागे न बघता.

"किती वाजता?"