आवाज कुठवर जातो

मधली सुट्टी संपल्याची घंटा होऊन गेली आणि पहिलीच्या वर्गाने रोजच्यासारखं आभाळ डोक्यावर घेतलं.

बाकं बडवली जात होती, डब्यांवर पट्ट्या आपटत होत्या, एक जण तर निव्वळ ओरडत होता. त्याच्या ओरडण्याला विषय नव्हता. नवी ताई फळ्यासमोर हसत उभी होती. हे हसू तिला प्रशिक्षणात मिळालं होतं, प्रमाणपत्रासोबत. मुलांचा आवाज चढला की आपला उतरवायचा, असंही तिथे शिकवलं होतं. ताईने तो इतका उतरवला होता की आता तिचा तिलाही ऐकू येत नव्हता.

शेवटच्या बाकावर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, गुडघे हनुवटीला टेकवून बसल्या होत्या. बाक सहा वर्षांच्या मुलांच्या मापाचं होतं. ताईची नोकरी कायम करायची की नाही हे आज ठरणार होतं, आणि ते ठरत आल्यासारखं दिसत होतं.

"अहो, एकदा खेकसा की यांच्यावर!" त्या मागूनच म्हणाल्या. "आधीच्या बाईंचा नुसता पाय दारात पडला तरी वर्ग चिडीचूप व्हायचा."

आधीच्या बाईंचं नाव रोज कोणी ना कोणी काढायचंच. त्यांनी म्हणे आयुष्यात कसलंही प्रशिक्षण घेतलं नव्हतं. शिपाईकाका त्यांच्या ओरडण्याची हुबेहूब नक्कल करायचे, आणि मग बराच वेळ उगाच खिडकीबाहेर बघत राहायचे.

ताईच्या घशाशी एक सणसणीत आरोळी आली होती. ती गिळून ताई मधल्या रांगेत गेली. तिथे दोन वेण्यांची चिमणी पट्टीने डबा बडवत होती. सगळ्या गोंधळाचं सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. मुलाच्या नजरेला नजर भिडेल इतकं खाली वाकावं, असा नियम होता. चिमणी बाकावरच उभी असल्यामुळे ती मेहनत वाचली.

"काय गं चिमणे, मला त्रास द्यायला करता का हे सगळं?"

"छे!" चिमणीला नवल वाटलं. "तुमच्यासाठी नाहीच आहे हे."

"मग कोणासाठी?"

"आमच्या आधीच्या बाईंसाठी. सुट्टी संपली तरी त्या ऑफिसात चहा पीत बसायच्या. आम्ही दंगा केला की पळत यायच्या. 'माकडांनो, बाजार भरवलाय का? पार तिकडे ऐकू येतंय मला!' असं म्हणायच्या. मग गोष्ट सांगायच्या."

वर्ग आपोआप गप्प झाला होता. काही जण दाराकडे बघत होते.

"अगं, पण बाई आता..." ताईने मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. बाई वारल्या तेव्हा मुलांना काय सांगायचं, हे त्यांनीच ठरवलं होतं.

"लांब गेल्यात, माहितीये आम्हाला," चिमणी समजूत घालावी तशी म्हणाली. "म्हणून तर एवढ्या जोरात करतो. तरी पोचतच नाही." तिने ताईची बाही धरली. "ताई, तुम्ही ओरडा ना. तुम्ही मोठ्या आहात, तुमचा पोचेल."