रोग्याचा डबा

"आणखी जोरात खोका," डॉ. मयुरी म्हणाली.

दवाखान्याच्या फाटकापाशी चहा विकणारे बंडूजी आज रोगी झाले होते आणि स्ट्रेचरवर पडल्यापडल्या मिशीत हसत होते. मयुरीला हसू येत नव्हतं. स्वाइन फ्लू पुण्यात पोचला होता. तिथून आर्वीला यायला त्याला एसटीचं एक तिकीट पुरेसं होतं. लस अजून कुठेतरी तयारच होत होती. तोवर वॉर्डाचं दार बंद ठेवायचं, एवढंच हातात होतं. ते बंद राहील का, या काळजीनं तिची झोप उडाली होती. म्हणून आज ही तालीम.

रूपराव चौकीदाराला तिनं पुन्हा बजावलं, "कोणालाही आत सोडायचं नाही. सख्ख्या भावालाही नाही."

"माशीले बी नाई सोडत, मॅडम."

मास्क, गाऊन, हातमोजे, सगळं नीट पार पडलं. बंडूजींना कोपऱ्यातल्या खाटेवर निजवलं. मयुरी हात धुऊन वळते तो खाटेवर त्यांची बायको, अनुसयाबाई. नवऱ्याचा मास्क हनुवटीखाली ओढून त्या त्याला वांग्याची भाजी-पोळी भरवत होत्या.

मयुरीचा पारा चढला. "रूपराव, या आत कशा आल्या?"

"डबा घेऊन आल्या ना, मॅडम." रूपराव गोंधळला. "रोग्याचा डबा कसा अडवू?"

"अहो बाई, हे खोटं आहे. तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"ठाऊक हाय. पण दवाखान्यात माणूस उपाशी काऊन ठेवा?"

"आणि खरं असतं तर? या घासाबरोबर तुम्हालाही लागण झाली असती. जीव गेला असता तुमचा."

अनुसयाबाईंचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या रिकाम्या खाटेकडे. हातातला घास त्याच्या तोंडात घातला.

"मंग ते बाजूची खाट माह्यासाठी ठेवजा."

बंडूजींच्या मिशीतलं हसू मावळलं.

बाहेर ऑटो थांबले. बंडूजींना भरती केल्याचं गल्लीत कळलं होतं. मयुरी धावतच दाराशी गेली. पायरीवर गर्दी होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात डबा होता. रूपराव दार उघडं धरून उभा होता.

"चपला बाहेर काढा," तो एकेकाला दटावत होता. "मॅडम लई कडक हायेत."