दरवर्षीच्या चाळीस चिमण्या

“शून्य? झोपली होतीस का गं?” शाळेच्या पक्षीवहीतल्या माझ्या आकड्यावर शिंत्रे सरांनी लाल पेन टेकवलं. “आवारात दरवर्षी चाळीस चिमण्या भरतात. उद्यापर्यंत नीट मोज, नाहीतर हे खोडणार!”

मला संशय आला. वहीची मागची पानं चाळली. बारा वर्षं, बारा मुलं, आणि प्रत्येकाच्या नेमक्या चाळीसच? मी तर तीन सकाळी मान दुखेपर्यंत शोधलं होतं. नुसती कबुतरं!

मागल्या वर्षी मोजणाऱ्या मृण्मयीताईला गाठलं. ती खो खो हसली. “येडे, मोजतंय कोण? आधीचा आकडा उतरवायचा!”

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर वहीचं पहिलं पान उघडलं. त्या बारा मुलांच्याही आधीचे, तिथले चाळीस सरांच्याच अक्षरात होते.

“सर, तुम्ही तरी मोजल्या होत्या ना?”

सरांचे कान लाल झाले. पेन त्यांनी खिशात ठेवलं. माझं शून्य राहिलं.